नावांचा रकाना

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ही रोजनिशी मी हौसेने लिहीत नाही. हरेश्वर नाक्ती यांच्या चित्रांची यादी करायला माझ्याआधी एक गृहस्थ आले होते. पाचव्या दिवशी ते कोणाला काही न सांगता, कागदाचा कपटाही मागे न ठेवता निघून गेले. म्हणून चित्रकाराचे पुतणे दत्तात्रेय नाक्ती यांनी मला अट घातली : रोज काय केलं ते तारखेनिशी लिहायचं, आणि शेवटी काय कोणाच्या हाती दिलं त्याची नोंद करायची. अट योग्य आहे. चौतीस वर्षं मी मुंबईच्या एका संग्रहालयात नोंदणीचं काम केलं. तोंडी कारभाराचा मला तिटकारा आहे.

प्रवास उत्तम झाला. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला आले. स्वच्छ ऊन होतं. कोंबड्यांच्या टेम्पोशेजारी उभी राहून मी चक्क गाणं गुणगुणत होते. सहासष्टाव्या वर्षी बाईने असं वागू नये, पण आज माफ.

दत्तात्रेय पिकअप घेऊन जेट्टीवर हजर होते. पन्नाशीचे, आडवे, बोलघेवडे. त्यांचे ट्रक पनवेलहून चालतात. काकांच्या चित्रांबद्दलचं मत त्यांनी गाडी सुरू व्हायच्या आत सांगितलं : आयुष्यभर बायकांच्या पाठी रंगवल्या, एकीला तरी तोंड काढलं असतं तर घरात टांगता आलं असतं. हेच मत मी मोठ्या समीक्षकांच्या लेखांत वाचलं आहे, फक्त तिथे ते तीन पानं चालतं.

नाक्तींनी खरोखर कधी चेहरा काढला नाही. एकतीस तैलचित्रं, सगळ्यांत ओहोटीची खाडी, चिखल, आणि किनाऱ्याकडे पाठ करून चाललेल्या बायका. माझ्या मते त्यांना चेहरे जमत नसावेत. तरीही ते माझे सर्वांत आवडते चित्रकार. गेल्या वर्षी चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. येत्या चोवीस तारखेला संग्रहालयाचा ट्रक चित्रं न्यायला येईल. तोवर यादी पुरी करायची.

राहायची सोय चित्रांच्याच जागी आहे. ही इमारत पूर्वी बर्फाचा कारखाना होती. भिंती हातभर जाड, आत भुसा भरलेला. भर दुपारी गार. खिडकीतून बांध आणि बांधापलीकडे खाडी. शेजारच्या सोनूबाई स्वयंपाक करतात. मला पाहताच म्हणाल्या, “बाय, तू जेवतेस का न्हाय? वारा आला तं मुरूडला जाशील उडून.” त्यांची मुलगी दिपाली, वय सव्वीस, जेट्टीवर फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसते. गोल चेहरा, उजव्या भुवईवर जुना व्रण, आणि हसताना आधी डोळे हसतात. मंदेलीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. पोटभर जेवले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कामाला सुरुवात. माझी पद्धत ठरलेली आहे. चित्र भिंतीला लावायचं, मोजायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, मग नोंदवहीत क्रमांक, आकार, रंगाची स्थिती, वर्णन, आणि शेवटच्या रकान्यात चित्रातल्या व्यक्तींची नावं.

या रकान्यावरून दत्तात्रेयांशी वाद झाला. काकांनी लिहून ठेवलं आहे म्हणे : नग मोजून द्यावेत, नावं विचारू नयेत. चिठ्ठी दाखवली. मी म्हटलं, चित्रकाराने चित्र काढावं, नोंद मला करू द्यावी. जुन्या संग्रहांत राजांची, सरदारांची, त्यांच्या घोड्यांचीसुद्धा नावं असतात. बाई असली की “कोळीण”, “शेतकरीण”, “पाणी भरणारी स्त्री”. चौतीस वर्षं अशा पाट्या पाहून मी विटले आहे. या बायका याच वाडीतल्या आहेत. त्यांना नावं होती. ती लिहिली जातील.

दत्तात्रेय म्हणाले, मॅडम, तुम्हाला कोण अडवणार. आणि पनवेलला गेले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज “ओहोटी”. क्रमांक एक.

हे चित्र मी १९७९ साली पाहिलं. वीस वर्षांची होते, चित्रकलेच्या कॉलेजात. चार फूट बाय साडेपाच. खालचा मोठा भाग नुसता चिखल, पण काय चिखल! राखाडीत जांभळा, जांभळ्यात चिखलातल्या निवटी माशाच्या पाठीसारखी हिरवट चमक. वर एकच बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर टोपली, पाण्याच्या रेषेकडे चाललेली. मी त्याच्यासमोर पाऊण तास उभी होते. दोन गोष्टी त्या दिवशी ठरल्या. मी चिखलाला रंग देत असे. या माणसाने चिखलातून रंग काढला होता. तेव्हा मला चित्रं काढता येत नाहीत हे कळलं आणि मी ब्रश ठेवला. दुसरं, घरी माझं लग्न ठरत आलं होतं, ते मी मोडलं. ती बाई मागे वळून बघत नव्हती, मग मी तरी का बघावं? कोणी विचारलं की हे चित्र कशाचं, तर मी सांगत आले : निघून जाणाऱ्या बाईचं. सुटलेल्या बाईचं.

आज डोळ्यांत पाणी आलं. मग मोजपट्टी काढली.

एक गोष्ट माझ्याकडच्या या चित्राच्या छापील कार्डात कधी दिसली नव्हती. बाईची उजवी टाच किंचित बाहेर वळलेली आहे. वळण्याच्या आधी वळते तशी.

चित्राच्या मागच्या बाजूला शीर्षक नाही, सही नाही. क्रमांक, आणि काळ्या शाईत एकच अक्षर : “ह”. एकतीसही चित्रांमागे तेच. सही अर्धी का सोडायची? बेशिस्त. तसं नोंदवलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नावांसाठी सोनूबाईंना चित्रं दाखवली. त्या दारातच थांबल्या. आत यायला लावलं तर पदराने हात पुसत राहिल्या. ही कोण? “ती काय, पलीकडच्या आळीची.” ही? “हिचा पोरगा बोटीवर होता.” नाव विचारलं की विषय बदलायच्या.

शेवटी कारण कळलं. इथे ओहोटीला, म्हणजे यांच्या भाषेत सुकतीला, बायका चिखलात कालवं आणि खुबे काढायला उतरतात. चिखलात कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. बांधावरून बोलवायचं झालं तर नुसती कू घालायची. सोनूबाई म्हणाल्या, “पाठमोऱ्या बायला नावानं हाक मारू नये गो. वळंल ती तीच आसंल आसं न्हाय.” मी विचारलं, मग कोण असेल? त्यांनी कालवणाखालचा गॅस मोठा राहिला आहे असं सांगून काढता पाय घेतला.

रूढी म्हणून लिहून घेतली. पण ही माणसं नाहीत, चित्रं आहेत.

पेट्या बनवायला नुरुद्दीन सुतार येतात. सत्तरी पार केलेली, तोंडात कायम दोन खिळे. त्यांना विचारलं. खिळे काढून म्हणाले, बाईसाब, आमच्यातही चिखलात नाव घेत नाहीत, तिथे मजहब चालत नाही. मग चित्र न्याहाळत बसले, आणि माणूस म्हातारा झाला की त्याला जुनं ओळखण्याचा मोह आवरत नाही. क्रमांक नऊमधली डावीकडची कंबरेत वाकलेली ती नीराबाई, त्यांच्या अम्मीची मैत्रीण. क्रमांक चौदातली उंच ती सत्यवती, जिच्या चालीवरून सगळी वाडी वेळ ओळखायची. दोघी वारून वीस-वीस वर्षं झाली.

दोन्ही नावं स्वच्छ अक्षरात लिहिली. समाधान वाटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दिपालीला सुट्टी होती. फोटो काढायला मदत केली आणि अखंड बडबडली. क्रमांक एकतीस, नाक्तींचं शेवटचं चित्र, समोर येताच किंचाळली. आठ बायका, त्यातली उजवीकडून दुसरी पंजाबी ड्रेसवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घातलेली. “मॅडम, ही मी! ही माझी जर्सी! नाक्ती आजोबांनी सांगितलं पण नाही मला!” मग हट्ट, की माझं नाव लिहाच. मुंबईला जाऊन मैत्रिणींना दाखवीन, म्युझियममध्ये आहे म्हणून. आई ओरडेल असं मी म्हटलं, तर म्हणाली, आई मोबाइलच्या रिंगटोनलाही घाबरते.

तिला वाचून दाखवत लिहिलं. तिने त्या पानाचा फोटो काढला आणि मला मिठी मारली. मला सवय नाही. पण बरं वाटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी फेरतपासणी केली. क्रमांक नऊ. नोंद : “डावीकडील स्त्री पाठमोरी, वाकलेली.”

चित्रात ती माझ्याकडे बघते आहे.

मी बाहेर जाऊन तोंड धुतलं आणि परत आले. चेहरा तसाच. म्हातारा, हडकुळा, हनुवटीवर गोंदण. कोणी रात्रीतून रंगवला म्हणावं तर तेही नाही. चाळीसेक वर्षांच्या तैलचित्राला बारीक भेगा पडतात, त्या नवीन रंगात येत नाहीत. इथे भेगा कपाळावरून, गालावरून, ओठांवरून सलग गेल्या आहेत. रंग जुना आहे. चेहरा पहिल्यापासून होता असाच जुना.

मोबाइलमधला फोटो पाहिला. फोटोत पाठ आहे.

क्रमांक चौदा. उंच बाई. तीही वळली आहे. दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव : हाक ऐकून आनंदाने वळावं, आणि हाक मारणारं माणूस आपलं नव्हे असं दिसावं.

बाकी एकाही चित्रात फरक नाही. फक्त ज्यांची नावं लिहिली त्या. क्रमांक एकतीसकडे धावले. जर्सीवाली पाठमोरीच आहे. पण सोमवारच्या फोटोत तिचा कान दिसत नाही. आता दिसतो.

सोनूबाईंना सांगावं लागलं. चूक केली तर सांगायची, हा माझा नियम आहे. त्या भाकरी थापत होत्या. नोंदवहीत दिपालीचं नाव आहे हे ऐकल्यावर हात तसेच परातीत राहिले. मग त्या मला जे बोलल्या ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाल्या, “शिकलेली ना तू? मंग यवढं कसं कळलं न्हाय?”

मी परत येऊन नोंदवही उघडली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नाव लाल शाईने खोडलं, बाजूला “रद्द” लिहिलं. चित्रात गाल दिसू लागला. ब्लेडने खरवडलं, कागद फाटला. चित्रात डोळ्याची कड.

उद्या अमावास्या, ओहोटी लांबवर जाते. सोनूबाईंनी दिपालीला चिखलात उतरायचं नाही म्हणून शपथ घातली होती. ती हो म्हणाली आणि जेट्टीवरून मैत्रिणींबरोबर परस्पर गेली. दुपारी साडेचारला मी एकतीस क्रमांकासमोर बसले होते. मी पापणी मिटली आणि उघडली. दिपाली माझ्याकडे बघत होती. भुवईवरच्या व्रणासकट.

बांधावर धावले. सोनूबाई आधीच तिथे होत्या. लांब, पाण्याच्या कडेला आठ पाठी. हाक जिभेवर आली होती; मी तोंडात पदर कोंबला. सोनूबाई कू घालत होत्या, पुन्हा पुन्हा, आवाज फाटेपर्यंत. आठही परतल्या. मी मोजल्या. आठ.

सात जणी आमच्या अंगावरून हसत, चिखल झाडत गेल्या. त्यांतली एक म्हणाली, “काय गो काकी, ट्रेन सुटली का तुझी?”

आठवी जर्सीतली. बांध चढून आमच्याच दिशेने आली. येताना आम्हाला तिची पाठ दिसत होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं. नंतर कोणी म्हणेल, म्हातारीला भास झाला.

दिपाली स्वयंपाकघरात पाटावर बसली आहे. पाठमोरी. मी वळसा घालून समोर गेले. पाठ. पुन्हा वळसा. पाठ. भिंतीला टेकवून बसवली तरी आपल्याकडे पाठच. आरशात पाठ. जेवते, ताट रिकामं होतं. विचारलेल्याला हो-नाही म्हणते, आवाज तिचाच, पण मागून आल्यासारखा. सकाळी कामावर गेली होती. अकराला घरी पाठवली. तिकीट खिडकीत लोकांकडे पाठ करून बसते म्हणून साहेब चिडले.

सोनूबाईंनी तिची वेणी घातली. कंगवा फिरवताना रडत होत्या आणि सांगत होत्या, निदान केस तरी माझ्याच पोरीचे हाएत.

मी एकतीस क्रमांक मोजला. सोमवारी तिची आकृती चौदा सेंटिमीटर होती. आज अकरा.

ती चित्रात मागे मागे चालली आहे. तोंड आमच्याकडे, पावलं पाण्याकडे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आठ सेंटिमीटर.

चित्र जाळावं असं मी म्हणताच सोनूबाईंनी माझा हात धरला. “आत ती हाय. बाहेर काय हाय ते मना म्हाईत न्हाय.”

मग त्यांनी गोदूचं सांगितलं. हरेश्वर नाक्तींची बायको. एकोणऐंशी साली मुंबईहून पत्र आलं, की यांचं चित्र प्रदर्शनात घेतलं. तरुण माणूस, पहिलं यश. पत्र घेऊन बांधावर धावले आणि आनंदाने ओरडले, “गोदू!” चिखलात एक बाई वळली. दुसरी घरी आली. ती त्यांच्या घरात चोवीस वर्षं राहिली. रांधलं, वाढलं, अंगण झाडलं. कोणालाही तिचं तोंड दिसलं नाही. ते तिला समोर बसवून रंगवायचे आणि कॅनव्हासवर पाठ उमटायची. प्रदर्शनाला त्यांनी आधीचं चित्र पाठवलंच नाही. “ओहोटी” पाठवलं.

पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ मी त्या चित्राचं कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. सुटलेली बाई म्हणून. ज्या पुरुषाने ते काढलं तो एकाच गोष्टीसाठी कॅनव्हासवर डोळे लावून बसला होता, की ती वळावी. म्हणून टाच तशी आहे. त्यापुढे त्याला काढता आलं नाही.

मी त्या चित्राच्या जोरावर आयुष्य काढलं. आज त्याच्याकडे बघवत नाही, आणि इतकं सुंदर ते मला कधी दिसलं नव्हतं.

सोडवण्याचा उपाय गोदूच्या आईने तेव्हाच सांगितला होता. नावाच्या बदल्यात नाव. जागा रिकामी राहत नाही. ज्याने हाक मारली त्याने आपलं नाव द्यायचं. हरेश्वरांनी दर चित्रामागे शाई लावली. एक अक्षर लिहिलं आणि हात मागे घेतला.

एकतीस वेळा.

आणि मी त्याला बेशिस्त म्हटलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पाच सेंटिमीटर. चेहरा आता नखाएवढा. तोंड उघडं आहे. भिंगातून पाहिलं — पाहायला नको होतं. ती ओरडते आहे.

दत्तात्रेयांना फोन केला. ट्रक लांबवा म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, सोमवारी सकाळी दहाला गाडी येणार, सगळं सही-शिक्क्यानिशी ठरलंय, आणि तुमचा आवाज असा का येतोय.

नुरुद्दीन आज खिळे न ठोकताच बसून होते. म्हणाले, बाईसाब, नावं मी सांगितली, गुन्हा माझा. मी म्हटलं, तुम्ही मेलेल्यांची सांगितलीत. त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत, त्यांना जायची घाई नाही. जिवंत नाव माझ्या हाताने लिहिलं गेलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

दोन. सकाळी. दुपारी मोजपट्टीने मोजता येईना.

सोनूबाई म्हणाल्या की मी लिहिते माझं नाव, मी आई आहे. अंगठा पुढे केला. त्यांना लिहिता येत नाही. येत असतं तरी चाललं नसतं — हाक त्यांची नव्हती.

मी लग्न केलं नाही. मागे रडणारं कोणी नाही. हे काही मोठेपण म्हणून लिहीत नाही. हिशेब सोपा होतो एवढंच.

नाही, सोपा होत नाही. मी घाबरले आहे. हरेश्वरांनी एकतीसदा का हात मागे घेतला ते —

सकाळी आठला ओहोटी. तेव्हा.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पावणेआठ. पाण्याच्या रेषेवर एक निळा ठिपका. बाकी काही नाही.

फाटक्या रकान्यावर कागद डकवला. पूर्ण नाव लिहिलं. वडिलांचं, आडनाव, सगळं. हात मागे घेतला नाही. इथे पुन्हा लिहीत नाही.

आठ दहा. स्वयंपाकघरात ओरडणं — सोनूबाई — मग हसणं. दोघींचं.

पळत आल्या. दिपाली पुढे. चेहरा. डोळे आधी हसले. म्हणते, मॅडम, किती लांब चालायला लावलं. पायाला चिखल. ओला.

घाई करते. हाताला गार लागतं आहे.

हस्तांतराची नोंद.

एक. तैलचित्रं, नग एकतीस. घेणार दत्तात्रेय नाक्ती. पोच दहाला गाडी आल्यावर घ्यावी. क्रमांक एकतीसचं वर्णन बदललं आहे, बायका आठच, पण उजवीकडून दुसरीच्या अंगावर जर्सी नाही — राखाडी साडी — केस पांढरे —

दोन. नोंदवही. नावांचा रकाना कापून काढला आहे. तो कोणालाही देऊ नये. त्या जागी फक्त आकडे.

तीन. इमारतीच्या चाव्या, दोन. घेणार नुरुद्दीन. ते साक्षीदारही.

चार. दिपाली. वय सव्वीस. व्रण उजव्या भुवईवर. समोरून पाहिली. खात्री केली. घेणार तिची आई, सोनूबाई. अंगठा घेतला.

देणार —

सही राहिली. मी टेबलाशी बसले आहे, दाराकडे तोंड करून. सगळे माझ्यासमोर उभे आहेत. सोनूबाईंनी तोंडावर हात घेतला आहे. नुरुद्दीन हळू आवाजात म्हणतात, बाईसाब, जरा इकडे वळा.

मी त्यांच्याचकडे बघते आहे. मी सांगितलं. ते पुन्हा म्हणतात, वळा. मी वळलेलीच —